वाचक विचारतात : एटीव्ही, पाणंद आणि पावसाळा

मागच्या अंकात एटीव्हीबद्दल, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायच्या, हँडलवाल्या चारचाकी बाइकबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. किनाऱ्यावरच्या भाड्याच्या गाड्यांबद्दल पत्रं येणार हे धरलेलंच होतं, पण बरीच पत्रं बागायतदारांची आणि कृषी पर्यटन केंद्रांची निघाली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमचं जुन्नर तालुक्यात कृषी पर्यटन केंद्र आहे. एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या तीन जुन्या एटीव्ही मिळताहेत, दोन ११० सीसीच्या आणि एक १५० सीसीची, चिनी बनावटीच्या. मालक म्हणतो, इंजिन टकाटक आहे. काय बघून घ्याव्यात?

इंजिन सगळ्यात शेवटी बघा. ११० सीसीचं ते आडवं इंजिन जुन्या होंडा कबच्या घराण्यातलं आहे. ज्याने स्प्लेंडर उघडून बसवली आहे, त्या मेस्त्रीला ते परकं वाटत नाही. रिंगा, पिस्टन, क्लच प्लेटा यांचं फार अडत नाही. पैसे जातात ते खालच्या अंगात.

जॅक लावून पुढचं एक चाक अधांतरी करा. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून, आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला पुढचा ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर चाकाचं बेअरिंग संपलंय. राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बुश गेलेत. मग हात तीन आणि नऊच्या जागी धरा. तिथे ढिलाई असेल तर टाय रॉडची, म्हणजे हँडलकडून चाक वळवणाऱ्या दांडीची, टोकं बदलायची. या तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंना झाल्या असतील तर किमतीतून तेवढे पैसे खुशाल कापा.

आता मागची बाजू उचला. रिमच्या कडेजवळ एक काठी स्थिर धरून चाक हाताने फिरवा. काठी आणि रिममधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलीय किंवा अॅक्सल (मागची दोन चाकं जोडणारा दांडा). दुसऱ्या बाजूलाही तोच डगमगाट दिसला तर अॅक्सलच वाकलाय असं समजा. मागचा ब्रेक दाबून चाक पुढे-मागे झटका. ‘टक’ असा आवाज आला तर हबच्या आतल्या खाचा झिजल्यात. अशा हबवर नट कितीही आवळा, चार दिवसांत पुन्हा सैल होतो.

फ्रेमवर टॉर्च मारून पुढच्या ए-आर्मचे (चाक फ्रेमला जोडणाऱ्या ए आकाराच्या दांड्यांचे) जोड आणि पायदानाच्या खालचे जोड बघा. सगळी गाडी धुळकट आणि एकाच जोडावर ताजा काळा रंग, हे लक्षण चांगलं नाही.

इंजिनाला हात लावून ते गार आहे याची खात्री करूनच स्टार्ट करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच गरम करून ठेवलं असेल तर गार इंजिनाची तक्रार तुम्हाला कळणारच नाही. सुरू होताना क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. रेस केल्यावर, चढावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा. शेवटी एअर फिल्टरचं झाकण काढा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे कार्ब्युरेटरकडच्या नळीत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर ती गाडी सोडून द्या. ती माती इंजिनात गेलेली आहे आणि तिने काय केलंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही.

टायरचा साइजही लिहून घ्या. ११०-१२५ सीसीला बहुधा पुढे १९×७-८ आणि मागे १८×९.५-८ असतो: टायरची उंची, रुंदी आणि रिम, सगळं इंचात. हा माल तालुक्याच्या टायरवाल्याकडे नसतो, मागवावा लागतो. एक टायर फाटला म्हणून गाडी महिनाभर उभी राहू नये, यासाठी व्यवहारातच एक जादा टायर मागून घ्या. चासी नंबर असलेलं मूळ बिल मिळालं नाही तर व्यवहार करू नका.

माझी गाडी डावीकडे ओढते. पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखी २५ हवा भरून आणली, तर आता नुसती उड्या मारते.

पंचवीस ही दुचाकीची हवा झाली. एटीव्हीच्या फुगीर टायरला साधारण ३ ते ७ पीएसआय पुरते. नेमका आकडा मडगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचा अॅक्सल धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. टायरवर जो मोठा आकडा छापलेला दिसतो तो टायर रिमवर बसवताना भरायच्या हवेची कमाल मर्यादा सांगतो, चालवायची हवा नव्हे. अशा गाड्यांत हा टायरच अर्धं सस्पेन्शन असतो. तो दगडासारखा टणक केला की प्रत्येक खड्डा हँडलला आणि कमरेला लागतो, पकडही जाते.

ओढण्याचं कारणही बहुतेक हवाच असेल. ५ पीएसआयच्या टायरमध्ये एका पीएसआयचा फरक म्हणजे २० टक्के. पंपावरचा गेज इतका खालचा आकडा धड दाखवत नाही. ० ते १५ पीएसआयचा वेगळा गेज घ्या, टायर गार असताना मोजा आणि हवा सायकलच्या पंपाने भरा. कॉम्प्रेसरने दोन सेकंदांत दहाच्या वर जाते. मग मोजपट्टी मागच्या दोन्ही टायरभोवती गुंडाळून घेर मोजा. मागचा अॅक्सल सलग असेल आणि एका चाकाचा घेर इंचभर जास्त असेल, तर ते चाक गाडीला कायम दुसऱ्या बाजूला ढकलत राहतं. एकाच बाजूचा टायर नवा टाकला की हे हमखास होतं.

एवढं करूनही ओढत असेल तर पाच मिनिटं चालवून चारही हबला हात लावा. एकच हब चटका देत असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय.

पाहुणे तक्रार करतात की हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते. दोनदा बांधावर चढली. स्टिअरिंग बिघडलंय का?

बिघाड नाही, रचनाच तशी आहे. दोन माणसं खांद्यावर लांब बांबू घेऊन वळतात तेव्हा आतला माणूस जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरचा लगबगीने मोठा फेरा घेतो. कारमध्ये ही सोय डिफरन्शियल करतं. भाड्याच्या बहुतेक लहान एटीव्हींना मागे डिफरन्शियल नसतं. एकच सलग अॅक्सल आणि दोन्ही चाकं त्याला जखडलेली. दोघांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. वळायचं तर आतलं चाक जमिनीवर घसरलंच पाहिजे. ते घसरलं नाही तर मागची दोन्ही चाकं मिळून गाडीला सरळ रेटतात आणि पुढची वळवलेली चाकं नुसती खरडत जातात.

म्हणून आतल्या चाकावरचा भार काढायचा. वळणाआधी वेग कमी करा, किंचित पुढे सरका, धड वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा आणि शरीराचं वजन बाहेरच्या पायदानावर दाबा. डावीकडे वळताना उजवा पाय जोरात दाबलेला आणि खांदे डावीकडे गेलेले. नजर बांधाकडे नको, जिथे जायचंय तिथे. नुसतं बसून हँडल फिरवणाऱ्याला ही गाडी दाद देत नाही. सीट लांब असते ती या सरकण्यासाठीच, मागे दुसरा माणूस बसवण्यासाठी नाही. दोघांसाठी बनवलेल्या एटीव्ही वेगळ्या असतात, त्यांच्या दोन अॅक्सलमधलं अंतरही जास्त असतं.

पाहुण्याला गाडी देण्याआधी मोकळ्या मातीच्या जागेत दोन टायर १० मीटर अंतरावर ठेवा आणि चालण्यापेक्षा थोड्याच जास्त वेगात त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायला लावा. पाच फेऱ्यांत समजतं कोणाला गाडी द्यायची आणि कोणाला नाही. डांबरावर किंवा काँक्रीटवर हा सराव करू नका. तिथे चाक घसरत नाही आणि आतली बाजू उचलली जाते.

आणखी एक गोष्ट प्रत्येकाला मोठ्याने सांगा: काहीही झालं तरी पाय खाली टेकवायचा नाही. दुचाकीच्या सवयीने तोल जातोय असं वाटलं की पाय आपोआप खाली जातो, आणि त्याच्या बरोब्बर मागे मागचं चाक येत असतं.

ऑटोमॅटिक गाडी उतारावर ब्रेक न लावता आधी हळू उतरते आणि मग एकदम सुटते. असं का?

लहान ऑटोमॅटिक गाड्यांचा क्लच इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. थ्रॉटल पूर्ण सोडलं आणि फेरे आयडलजवळ आले की क्लच सुटतो, मग चाकांना इंजिन अडवत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी घरंगळते. उतरायला लागण्याआधीच खालचा गिअर असेल तर टाका, अंग मागे घ्या आणि ब्रेक थोडा-थोडा, दोन्हीकडचा. सुटल्यासारखी वाटली तर ब्रेक लावून ठेवतच अंगठ्याने किंचित थ्रॉटल द्या. क्लच पुन्हा पकडतो आणि इंजिन आवरायला लागतं. चढावर अर्ध्यात बंद पडली तर उलटं घरंगळू देऊ नका. दोन्ही ब्रेक, पार्किंग ब्रेक, मग चढाच्या बाजूने खाली उतरा.

रत्नागिरी जिल्ह्यात आमची कातळावरची आंब्याची बाग आहे. ५०० सीसीच्या एटीव्हीला ट्रेलर लावून क्रेट वर रस्त्यापर्यंत आणतो. चढावर रबर जळल्याचा वास येतो. एका हंगामात दोन बेल्ट गेले. बेल्टच बोगस आहेत का?

बेल्टवर आळ घेण्याआधी गिअरचा सिलेक्टर कुठे असतो ते सांगा. बहुतेक जण कायम ‘एच’वर, म्हणजे वरच्या गिअरवर चालवतात. या गाडीत दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये व्ही आकाराचा बेल्ट. फेरे वाढले की पुढची पुली मिटते आणि बेल्टला कवटाळते. ती पुरती कवटाळेपर्यंत बेल्ट तिच्यात घसरत असतो. ओझं जास्त आणि वेग कमी असला की हे घसरणं लांबतं, तिथेच तो भाजतो. चढ, ओझं, चिखल किंवा ताशी १५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर ‘एल’, म्हणजे खालचा गिअर टाका. टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी.

दुसरी सवय त्याहून वाईट: चढावर थांबून ब्रेकऐवजी थ्रॉटलवर गाडी धरून ठेवायची आणि गप्पा मारायच्या. पुली फिरतेय, बेल्ट जागीच. दहा सेकंदांत त्याच जागेवर बेल्टची कड खाल्ली जाते. त्यानंतर गाडी निघताना दर फेऱ्याला ‘ठक-ठक’ करते. तो बेल्ट मग सुधारत नाही.

आता ओझं. आंब्याने भरलेला क्रेट २० किलो धरला तर २० क्रेट म्हणजे ४०० किलो, वर ट्रेलरचं स्वतःचं वजन. मागच्या हुकाजवळच्या पट्टीवर ओढायची मर्यादा लिहिलेली असते. ती सपाटीची समजा आणि चढावर निम्मंच ओझं घ्या. क्रेट ट्रेलरच्या मागच्या टोकाला रचू नका. एकूण ओझ्याचा साधारण दहावा हिस्सा हुकावर आला पाहिजे. ओझं मागे गेलं की हूक वर उचलला जातो, मागच्या चाकांची पकड जाते, चाकं फिरत राहतात आणि पुन्हा बेल्टच मार खातो.

बेल्ट बदलताना तो फक्त चढवून झाकण लावू नका. झाकणाचे बोल्ट बहुधा ८ मिलिमीटरच्या पान्याचे असतात. लहान-मोठे असतील तर पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्यातच ज्या-त्या जागी खोचून ठेवा. आतली काळी पूड ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा. तोंडाला फडकं बांधा. पुलीच्या उतरत्या तोंडांवर जुन्या बेल्टचा चकचकीत थर बसलेला असतो. भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने आडवं-उभं घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. तिथे ग्रीसचा ठिपकाही चालत नाही, ऑइलचे हातसुद्धा नकोत. नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा आणि त्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवून बसवा. पहिले ५० किलोमीटर ट्रेलर नाही आणि पूर्ण थ्रॉटल नाही. जुना बेल्ट अजून धड असतानाच बदलला असेल तर तो आणि झाकणाचा पाना सीटखाली ठेवा. बागेच्या तळाशी बेल्ट तुटला तर गाडी ओढून आणायला बैल लागतील.

शेवटचं म्हणजे बेल्टच्या पेटीला गार हवा देणारी नळी. तिच्या तोंडाशी वाळलेलं गवत, आंब्याची पानं अडकलेली असतात. दर आठवड्याला हात घालून बघा.

याच गाडीने मिनी ट्रॅक्टरचं काम होईल का? मागे फवारणीची २०० लिटरची टाकी बसवायचा विचार आहे.

नाही. एटीव्हीला पीटीओ (ट्रॅक्टरची अवजारं फिरवणारा शाफ्ट) नाही, मागे हायड्रॉलिक नाही आणि सतत रेटा देत राहणं बेल्टला सोसत नाही. नांगर, रोटाव्हेटर विसरा. टाकीचा हिशोब सोपा आहे: २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, पंप आणि टाकी वेगळी. मागच्या कॅरिअरची मर्यादा बहुधा याच्या निम्म्याच्या आसपासच असते. शिवाय अर्धी रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. उतारावर वळताना सगळं पाणी एका बाजूला धावतं आणि गाडी त्याच्यामागे जाते. कॅरिअरवर ५० लिटरची, आत आडपडदा असलेली टाकी ठेवा, नाहीतर टाकी बुटक्या, रुंद ट्रेलरवर घ्या.

सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करायचं?

किलोमीटर सोडा, तास मोजा. दिवसभर ८-१० किलोमीटरच्या वेगाने फिरणाऱ्या गाडीचं इंजिन दिवसभर चाललेलं असतं, मीटरवर मात्र थोडेच किलोमीटर पडतात. प्लगच्या वायरला गुंडाळायचा तासांचा मीटर मिळतो, तो बसवा.

नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल १० ते २० तासांत काढा. पुढे दर ५० तासांनी; लाल धुळीत काम असेल तर ३० तासांनी. ११० सीसीच्या आडव्या इंजिनात साधारण ८०० ते ९०० मिलिलिटर बसतं. डब्यावर १०डब्ल्यू-४० आणि ‘जासो एमए’ ही दोन्ही अक्षरं बघा. या इंजिनात क्लच ऑइलातच बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरतो आणि माणूस विनाकारण क्लच प्लेटा बदलत बसतो. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून लिटरभर ओतू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये येतं.

फिल्टरवर मात्र मन लावून काम करा, कारण धुळीच्या भागात इंजिनाचं आयुष्य तोच ठरवतो. गाडी एकामागे एक चालवली तर मागच्याचा फोम एका दिवसात लाल होतो. फोम पेट्रोलमध्ये धुऊ नका. त्याचा डिंक सुटतो आणि आगीचा धोका वेगळा. भांडी घासायचं द्रव कोमट पाण्यात घाला, त्यात फोम मुठीत दाबून सोडा, पुन्हा दाबा. कपड्यासारखा पिळला तर जोड फाटतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करा. सावलीत पुरता वाळू द्या. मग फोम फिल्टरचं ऑइल, नसेल तर नवं इंजिन ऑइल, सगळीकडे सारखं मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा. बोटाने दाबल्यावर ऑइलचा ओलावा जाणवावा पण थेंब पडू नये. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही, चिकट फोम अडवतो. हाच सगळा मुद्दा आहे. बसवताना पेटीला टेकणाऱ्या कडेला ग्रीसचं एक बोट फिरवा. दोन फोम ठेवले तर एक वाळत असताना दुसरा चालतो.

व्हॉल्व्हची फट दर १०० तासांनी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर, फ्लायव्हीलवरची ‘टी’ची खूण जुळवून. आडव्या ११० ला दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटर. खूण जुळली तरी दोन्ही रॉकर मोकळे हलतात ना ते बघा. हलत नसतील तर फ्लायव्हील एक पूर्ण फेरा फिरवा. गार असताना सुरू होते पण गरम झाली की सुरू होत नाही, या तक्रारीत आधी कार्ब्युरेटर खोलतात. त्याच्या आधी ही फट मोजा, घट्ट झालेली असते. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७.

बॅटरी उतरली तर ढकलून स्टार्ट होते का?

बेल्टवाली ऑटोमॅटिक होत नाही. बंद इंजिनाशी चाकांचा संबंधच नसतो. किक किंवा ओढायची दोरी असेल तर तिने, नाहीतर दुसऱ्या १२ व्होल्ट बॅटरीवरून.

पावसाळ्यात चार महिने गाड्या उभ्या असतात. दर ऑक्टोबरला स्टार्टच होत नाहीत.

अपराधी पेट्रोल आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, कोकणात तर भरपूर. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि तळाशी हिरवट-पिवळा चिकट थर उरतो. आयडल जेटचं भोक केसाएवढं असतं. ते बुजलं की गाडी चोकवर पेटते, चोक काढला की मरते. हीच खूण.

जूनच्या सुरुवातीला पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून वाटीतलं सगळं पेट्रोल काढा. टाकी लोखंडी असेल तर काठोकाठ भरा, म्हणजे आतून गंजायला हवा उरत नाही. प्लॅस्टिकची असेल तर रिकामी केलेली बरी. ऑइल उभं करण्याआधी बदला. वापरलेल्या ऑइलातलं आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहायला नको. बॅटरी काढून घरात ठेवा. १२.४ व्होल्टच्या खाली गेली की तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने चार्ज करा. ९ एएचला साधारण ०.९ अँपिअर. गाडी विटांवर उचलून टायर मोकळे ठेवा. सायलेन्सरच्या आणि एअर बॉक्सच्या तोंडात फडकं कोंबा, उंदीर तिथेच घर करतात. फडकं कोंबलंय अशी चिठ्ठी हँडलला बांधायला विसरू नका.

यंदाचा ऑक्टोबर सुधारायचा असेल तर जेट काढून, तांब्याच्या वायरीचा एकच तंतू त्यातून ओवून, हवेने फुंका. सुई किंवा स्टीलची तार घातली तर भोक मोठं होतं.

नातू दहा वर्षांचा आहे, वजन ३० किलो. शेतावर ११० सीसी चालवायला दिली तर चालेल? मोठं माणूस मागे बसेल.

मागे बसलेला मोठा माणूस हा त्यातला सगळ्यात मोठा धोका आहे. एकाच्या सीटवर दोघं, भार मागे, पुढची चाकं हलकी. चढाला गाडी मागे उलटते ती अशीच.

मुलांच्या गाडीवर किमान वयाचं लेबल असतं, ते आधी वाचा. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग १६ वर्षांखालच्यांना मोठ्यांच्या एटीव्ही देऊच नका म्हणतो. तिथे तीनचाकी एटीव्हींची विक्री १९८८ मध्ये बंद झाली तीही अपघातांमुळेच. गाडी त्याच्या मापाची आहे का ते असं बघा: पायदानावर उभा राहिल्यावर त्याच्या आणि सीटच्या मध्ये तीन इंच जागा हवी, हँडल पूर्ण वळवल्यावरही दोन्ही हात पोचावेत, थ्रॉटलवर अंगठा ठेवूनच ब्रेकच्या मुठीवर बोटं गेली पाहिजेत. यातलं एक जरी जमत नसेल तर नको.

मापाची असेल तर थ्रॉटलच्या डबीवरचा छोटा स्क्रू आत घेऊन वेग बांधा आणि त्याचा लॉकनट आवळा. मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी रोज ओढून तपासा, इंजिन मरतं का बघा. आयएसआय खुणेचं, त्याच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट, घोट्याच्या वरचे बूट, हातमोजे. आणि गाडी रस्त्यावर न्यायची नाही. याचं कारण पुढच्या उत्तरात.

शेत आणि गोठा यांच्यामध्ये २०० मीटर पाणंद आहे. तेवढ्यापुरती एटीव्ही नेली तर आरटीओचा काय संबंध?

संबंध आहे. मोटार वाहन कायद्यात ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती जागा, डांबर असो वा नसो. पाणंद त्यात येते. तिथे फिरणारं वाहन नोंदणीकृत आणि विमा उतरवलेलं हवं. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक एटीव्हींना रस्त्यासाठीची मान्यताच नसते, म्हणून त्यांची नोंदणी होत नाही. ‘क्वाड्रिसायकल’ नावाचा वेगळा वर्ग कायद्यात आहे, पण तो बजाज क्यूटसारख्या बंद केबिनच्या गाड्यांचा. नावावरून फसू नका. ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळालेलं एखादं मॉडेल विक्रेता दाखवेल, तर मान्यतेचं प्रमाणपत्र आणि नोंदणीची तयारी लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तोवर ट्रेलरवर चढवून न्या. पाणंदीवर धडक झाली तर विमा नाही आणि भरपाई खिशातून, हे दंडापेक्षा जड जातं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे.

किनाऱ्याजवळ आमचं होमस्टे आहे. वाळूवर फेऱ्या मारायला दोन एटीव्ही घ्याव्या म्हणतो. खाऱ्या पाण्याने काय बिघडतं?

आधी परवानगीचं बघा. किनाऱ्यावर गाडी चालवायला ठिकठिकाणी बंदी आहे आणि ती कारणाशिवाय नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून पुढे ऑलिव्ह रिडले कासवं भरतीच्या रेषेच्या वर अंडी घालतात. चाकाची चाकोरी आपल्याला चार बोटांची वाटते, पण अंड्यातून निघालेलं बोटभर पिल्लू तिच्यात पडलं की वर चढू शकत नाही. समुद्राकडे जायच्या ऐवजी ते चाकोरीतून आडवं चालत राहतं आणि सकाळी कावळे, कुत्री ते उचलतात. आमचं मत स्पष्ट आहे: गाड्या घ्या, पण नारळाच्या वाडीच्या मागे स्वतःच्या जमिनीत ट्रॅक करा.

खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीचीही वेगळी निगा लागते. रोज गोड्या पाण्याने, साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगच्या सीलवर मारला तर मिठाचं पाणी आत ढकललं जातं. धुतल्यावर पाच मिनिटं चालवून ब्रेक कोरडे करा. कॅलिपरच्या सरकत्या पिना दर महिन्याला काढून सिलिकॉन ग्रीस लावा. त्या जाम झाल्या की एकच पॅड झिजतो. फ्रेमच्या पाइपांना तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती तारेने मोकळी ठेवा. फ्रेम आतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत छान दिसतो. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा ४, दोन वर्षांनी पूर्ण बदला. डॉट ५ त्यात मिसळू नका.

दुबईत राहतो. सुट्टीत वाळवंटात क्वाड बाइक भाड्याने घेतो. वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर पोचलं की पलीकडे काय आहे ते दिसत नाही.

माथ्यावर सरळ वेगात कधीच जायचं नाही. वाऱ्याच्या बाजूचा चढ सपाट आणि घट्ट असतो, पलीकडची बाजू कड्यासारखी तुटते आणि भुसभुशीत असते. माथ्याच्या अलीकडे थ्रॉटल कमी करून किंचित तिरपं व्हा, कडेच्या समांतर येऊन खाली बघा, मग सरळ उतारावर पुढचं चाक सोडा. गाडी आडवी असताना उतरू नका, खालची चाकं वाळूत रुततात आणि गाडी लोळते. मागच्या बाजूला उंच काठीवर भगवट नारिंगी निशाण असलेलीच गाडी घ्या, नाहीतर पलीकडून चढणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. टेकडीच्या तळाशी, पलीकडच्या अंगाला थांबून फोटो काढू नका. थांबायचंच असेल तर मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशा सपाटीवर थांबा.